एका मुंगीची तीन नावे



स्वीडनच्या राणी लोव्हिसा उल्रिका यांना शंखशिंपले, फुलपाखरे आणि देशोदेशींचे कीटक जमविण्याचा छंद होता. त्यांच्या संग्रहाचे वर्णन लिहिण्याचे काम कार्ल लिनियस यांच्याकडे आले आणि १७६४ साली ते लॅटिन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून आलेल्या एका पंखधारी कीटकाची नोंद आहे. हा कीटक सुमारे तीन सेंटिमीटर लांब असतो. रंग मधासारखा पिवळसर तपकिरी, डोळे टपोरे, पोट लांबट आणि नळकांड्यासारखे गोल. लिनियस यांनी त्याला गांधीलमाश्यांच्या ओळीत बसविले आणि व्हेस्पा हेल्वोला असे नाव दिले. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आणि हेल्वोला म्हणजे फिकट पिवळी.

ती गांधीलमाशी नव्हती. ती मुंगी होती, आणि मुंग्यांमधला नर होता. पुढे तिचे नाव डोरिलस हेल्वोलस असे झाले आणि आजही तेच आहे. प्राण्यांच्या नामकरणाची आजची पद्धत ज्यांनी घालून दिली, त्यांच्याच नजरेला मुंगी ओळखू आली नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी हसण्यासारखी वाटते. परंतु त्या कीटकाचा नमुना समोर ठेवला तर हसू आवरते. मुंगी म्हणून ज्या आकाराची ओळख लहानपणापासून पटलेली असते, त्यातले फारच थोडे त्यात दिसते. लिनियस यांच्यासमोर एकच सुटा देह होता. त्याचे घर, त्याची भावंडे, त्याचा मार्ग यांतले काहीही त्याच्याबरोबर स्वीडनला आले नव्हते. या एका जातीची, आणि ती ज्या डोरिलस प्रजातीत मोडते त्या प्रजातीची ओळख पटायला शंभराहून अधिक वर्षे का लागली, याचे उत्तर या सुटेपणात आहे.

प्रथम मुंगीच्या घराकडे पाहावे लागेल. एकाच वारुळातल्या मुंग्यांत तीन प्रकारचे देह असतात: राणी, नर आणि कामकरी. कामकरी मुंग्या माद्याच असतात, पण त्यांना पंख नसतात आणि अंडी घालण्याचे मुख्य काम त्यांचे नसते. आपल्याकडील बहुतेक मुंग्यांमध्ये हे तिघे एकमेकांचे नातेवाईक आहेत हे ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर वारुळाच्या तोंडाशी पंख फुटलेले नर आणि तरुण राण्या जमतात, त्यांच्या भोवती कामकरी मुंग्यांची धावपळ चाललेली असते, आणि अंगणात खेळणारे मूलही ती सगळी एकाच घरची माणसे आहेत हे समजते.

डोरिलसच्या घरात हा देखावा कधी दिसत नाही. तिथल्या कामकरी मुंगीला डोळेच नाहीत. आकारही एक नाही; एकाच वसाहतीत दोन-तीन मिलिमीटरची मुंगी असते आणि तिच्या शेजारून एक सेंटिमीटरहून लांब, मोठ्या डोक्याची आणि कोयत्यासारख्या जबड्यांची मुंगी चालत असते. राणीलाही डोळे नाहीत, आणि पंख तर तिला आयुष्यात कधीच फुटत नाहीत. काही जातींत ती पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते. आज हयात असलेल्या मुंग्यांमध्ये याहून मोठी मुंगी माहीत नाही. ती जमिनीखाली राहते आणि दिवसाउजेडी जवळजवळ कोणाला दिसत नाही. राहिला नर. त्याला मोठे डोळे आहेत, पंख आहेत, आणि तो रात्री उडतो व दिव्यावर येतो. इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या पोटाचा आकार पाहून त्याला सॉसेज फ्लाय, म्हणजे मांसाच्या नळकांडीसारखी माशी, असे नाव ठेवले. नाव ओबडधोबड आहे, पण एकदा ऐकले की कीटक दिसताक्षणी ओळखता येतो, आणि हा गुण पुष्कळ शास्त्रीय नावांत नसतो.

याचा परिणाम काय झाला असेल याची कल्पना करता येते. दिव्याखाली कीटक पकडणाऱ्याला फक्त नर मिळत. जंगलवाटेने चालणाऱ्याला फक्त कामकरी मुंग्या मिळत, किंबहुना त्याच मुंग्यांना तो मिळे. राणी मिळायची ती जमीन खोल खणणाऱ्याला, किंवा निव्वळ दैवाने. हे तिन्ही देह वेगवेगळ्या पेट्यांतून, वेगवेगळ्या जहाजांतून, वेगवेगळ्या वर्षी युरोपात पोहोचले आणि वेगवेगळ्या पंडितांच्या मेजावर जाऊन पडले.

नरांची नावे आधी पडली. लिनियस यांचे शिष्य योहान क्रिश्चियन फॅब्रिसियस यांनी १७९३ साली हा कीटक गांधीलमाश्यांतून काढला आणि त्याच्यासाठी डोरिलस ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. १८०२ साली इलिगर यांनी सिएरा लिओनमधून आलेल्या दुसऱ्या एका जातीला डोरिलस नायग्रिकन्स हे नाव दिले. तोही नरच होता. दुसरीकडे कामकरी मुंग्यांची स्वतंत्र नावे सुरू झाली. ऑक्सफर्डशी पुढे ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते जॉन ओबादाया वेस्टवूड यांनी १८३९ साली टिफ्लोपोनी ही प्रजाती मांडली. १८४० साली विल्यम शकर्ड यांनी डोरिलस आणि त्यांच्यासारख्या कीटकांवर मोठा प्रबंध लिहिला व त्यांचे एक वेगळेच कुल मानले. त्याच वर्षी त्याच शकर्ड यांनी पश्चिम आफ्रिकेतील कामकरी मुंग्यांसाठी अनोम्मा ही नवी प्रजाती उभी केली. टिफ्लो म्हणजे आंधळा आणि अनोम्मा म्हणजे नेत्रहीन. दोन्ही नावे डोळ्यांच्या अभावावरून पडली, आणि ज्या नरांची ती भावंडे होती त्यांचे डोळे मात्र नजरेत भरण्याइतके मोठे होते. एकाच लेखकाच्या लेखणीतून एकाच वर्षी एकाच घरातल्या दोन माणसांना दोन वेगळी आडनावे मिळाली. शकर्ड यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी समोरच्या देहांचे वर्णन नीट केले होते. देहांमधले नाते देहांवर लिहिलेले नव्हते.

ते नाते ज्याने पाहिले तो माणूस संग्रहालयात बसणारा नव्हता. थॉमस स्टॉटन सॅव्हेज हे अमेरिकन वैद्य आणि मिशनरी लायबेरियातील केप पाल्मास येथे राहत होते. १८४७ साली जेफ्रीज वायमन यांच्यासह त्यांनी गोरिलाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यामुळे प्राणिशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव गोरिलाशी बांधले गेले आहे. त्याच वर्षी त्यांचा दुसरा एक लेख लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला होता. तो या मुंग्यांवर होता. गोरिलाच्या प्रचंड देहापुढे मुंगीचा लेख झाकला गेला, याचे नवल नाही. पण गोरिलाचे वर्णन सॅव्हेज यांना मुख्यतः कवट्या आणि हाडांवरून करावे लागले, तर मुंग्या त्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंगणात, रात्री-अपरात्री, जिवंत पाहिल्या होत्या. निरीक्षक म्हणून त्यांचे मोठेपण पाहायचे असेल तर मुंगीचा लेख वाचावा.

या मुंग्यांना त्यांनी ड्रायव्हर, म्हणजे हाकलून लावणाऱ्या, असे म्हटले आहे. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषेत यांनाच सियाफू म्हणतात. लाखोंची फौज घरात शिरली की उंदीर, झुरळे, पाली, साप, सगळे घर सोडतात, आणि त्यांच्या पाठोपाठ घरमालकही सोडतो. फौज पुढे गेल्यावर परत यावे तर घर स्वच्छ झालेले असते. पिंजऱ्यातली कोंबडी किंवा दाव्याला बांधलेले जनावर मात्र वाचत नाही. अजगर भक्ष्य गिळण्याआधी आसपास या मुंग्या नाहीत ना हे फिरून पाहतो, अशी समजूत त्या किनाऱ्यावर होती. ती खरी असो वा नसो, मुंगीचा दरारा तिच्यातून कळतो. ऊन लागू नये म्हणून मोठ्या मुंग्या आपल्या अंगांची कमान करून रांगेवर छत धरतात, आणि पुराचे पाणी आले की सगळ्या एकमेकींना धरून गोळा होतात, पिल्लांना मध्ये घेतात व तो गोळा पाण्यावर तरंगत जातो, हेही सॅव्हेज यांनी नोंदविले.

१८४९ साली फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांचा पुढचा लेख आला. त्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. अनोम्मा म्हणविल्या जाणाऱ्या कामकरी मुंग्यांच्या रांगेत त्यांना डोरिलसचे नर सापडले. लिनियस यांच्या नोंदीनंतर पंच्याऐंशी वर्षांनी नर आणि कामकरी प्रथमच एकत्र दिसले.

नर त्या रांगेत कसा येतो, हे कळण्यासारखे आहे, कारण ओळखीच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. डोरिलसची राणी पंखहीन असल्यामुळे ती घराबाहेर उडून जोडीदार शोधू शकत नाही. नवी वसाहत स्थापन व्हायची तर जुनी फौज दुभंगते, आणि एका राणीसह एक भाग निघून जातो. म्हणून राणीपर्यंत जाण्याचे सगळे कष्ट नराच्या वाट्याला येतात. तो रात्री आपल्या वसाहतीतून उडतो आणि दुसऱ्या वसाहतीची रांग गाठतो. रांगेवर उतरताच कामकरी मुंग्या त्याला पकडतात, त्याचे पंख कुरतडून टाकतात आणि त्याला ओढत राणीकडे नेतात. मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, अशी म्हण मराठीत आहे. ती रचणाऱ्यांना आफ्रिकेतील ही मुंगी ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण नरापुरती ती अक्षरशः लागू पडते. पंख असेपर्यंतच त्याचे स्वतंत्र आयुष्य.

सॅव्हेज यांच्या शोधानंतर दहा वर्षांनी या मुंगीचे नाव आणखी एका ग्रंथात आले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील फ्रेडरिक स्मिथ यांनी एकाच घरातून आलेल्या अनोम्माच्या पुष्कळ कामकरी मुंग्या चार्ल्स डार्विन यांना दिल्या, आणि १८५९ च्या 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथातील उपजत प्रवृत्तींवरील प्रकरणात त्यांची चर्चा आली. लहान-मोठ्या मुंग्यांतला फरक वाचकांना समजावा म्हणून डार्विन यांनी घर बांधणाऱ्या मजुरांची उपमा दिली. काही मजूर साधारण उंचीचे, तर काही सोळा फूट उंच. शिवाय या उंच मजुरांची डोकी इतरांच्या तिप्पट असण्याऐवजी चौपट, आणि जबडे जवळजवळ पाचपट. पण डार्विन यांचा मुद्दा केवळ आश्चर्याचा नव्हता. या दोन टोकांच्या मध्ये अगदी हळूहळू बदलत जाणारे आकार त्याच घरात आहेत, हे त्यांना दाखवायचे होते. ओळख पटविणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. रांगेतून एकच मुंगी उचलून नेणाऱ्याला तिचे नाव निश्चित सांगता येईलच असे नाही, कारण एका जातीची छोटी मुंगी आणि दुसऱ्या जातीची छोटी मुंगी परस्परांना जितक्या जवळच्या दिसतात, तितक्या त्या आपापल्या थोरल्या बहिणींसारख्या दिसत नाहीत. रांगेतील सर्वांत लहानापासून सर्वांत मोठ्यापर्यंत मुंग्यांचा संच घ्यावा लागतो. वर्णन प्रायः सर्वांत मोठ्या कामकरी मुंगीचे केले जाते.

राहिली राणी. १८६३ साली जर्मन कीटकशास्त्रज्ञ गेर्स्टेकर यांनी एका पंखहीन, आंधळ्या, लांबलचक पोटाच्या मादीचे वर्णन केले. ती आफ्रिकेतली नव्हती, जावा बेटावरची होती. लेखाच्या शीर्षकातच तो एक विलक्षण नवा कीटक असल्याचे म्हटले होते; नांगी असलेल्या गांधीलमाश्या, मधमाश्या आणि मुंग्या ज्या मोठ्या विभागात येतात, त्याहून नेमकी जागा त्या शीर्षकात नाही. नाव दिले डिक्थाडिया ग्लॅबेरिमा. तिसऱ्या देहाला तिसरे नाव मिळाले. ती डोरिलसची राणी होती. तिच्या कामकरी मुंगीला स्मिथ यांनी सहा वर्षे आधीच, १८५७ मध्ये, बोर्निओतील नमुन्यांवरून टिफ्लोपोनी लेव्हिगाटा असे नाव देऊन ठेवले होते. आज आई आणि मुली डोरिलस लेव्हिगाटस या एकाच नावाने नांदतात. केपच्या मूळ जातीची राणी कोणती, हा प्रश्न त्यानंतरही उरलाच होता. केपटाऊनच्या दक्षिण आफ्रिकी संग्रहालयाचे प्रमुख रोलंड ट्रायमेन यांनी १८८० साली डोरिलस हेल्वोलसची मादी म्हणून एका कीटकाची माहिती प्रसिद्ध केली, आणि लेखाच्या शीर्षकात 'संभाव्य' हा शब्द आवर्जून ठेवला. लिनियस यांच्या नोंदीला तेव्हा एकशे सोळा वर्षे झाली होती.

इटलीचे कार्लो एमेरी यांनी १८९५ साली हा सगळा पसारा एकत्र आणला. अनोम्मा, टिफ्लोपोनी, डिक्थाडिया आणि इतर नावे त्यांनी डोरिलस या एकाच प्रजातीखाली उपप्रजाती म्हणून ठेवली. सगळ्यांना डोरिलस हेच नाव का मिळाले, असे कोणी विचारील. नामकरणाच्या नियमांत ज्येष्ठतेला मान आहे. नियमानुसार दिलेले सर्वांत जुने नाव टिकते, मग ते कोणत्या देहावरून दिलेले असो. अनोम्मा हे नाव कामकरी मुंगीला किती तरी अधिक शोभते. फौज चालविणारी तीच, शिकार करणारी तीच, जगाने ओळखली तीही तीच. तरी घराण्याचे नाव चालते ते काही रात्री उडून मरणाऱ्या नराचे. न्यायाच्या दृष्टीने हे विचित्र वाटेल. पण शोभेल ते नाव ठेवण्याची मुभा दिली तर प्रत्येक पिढी नवे बारसे करील, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लेखात कोणत्या प्राण्याबद्दल लिहिले आहे हे कोणालाच कळणार नाही. ज्येष्ठतेचा नियम रूक्ष आहे, आणि त्याचा उपयोग त्याच्या रूक्षपणातच आहे.

आता समोर एखादी मुंगी आली तर ती डोरिलस आहे हे कसे ओळखायचे? भिंग हाती घ्यावे आणि आधी कंबर पाहावी. मुंगीच्या छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक गाठी असतात. डोरिलसच्या कामकरी मुंगीला एकच गाठ असते. दक्षिण अमेरिकेतील एसिटन या प्रसिद्ध लष्करी मुंग्यांना आणि आफ्रिका व आशिया दोन्हींकडे आढळणाऱ्या एनिक्टस या लहान लष्करी मुंग्यांना दोन असतात. मग डोके पाहावे. डोळ्यांचा मागमूस नसतो. मग पोटाचे टोक पाहावे. शेवटच्या खंडाची वरची ढाल दबलेली, चपटी असते आणि तिच्या कडेला काट्यासारखी टोके असतात. एवढ्यावर प्रजाती ठरते. जात ठरवायची तर शृंगिकांचे सांधे मोजावे लागतात. अनोम्मा गटात ते अकरा असतात, काही गटांत कमी. जबड्यांवरील दातांची ठेवण, कमरेच्या गाठीचा बाजूने दिसणारा आकार, डोक्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण, पृष्ठभागाची चकाकी, या गोष्टी पुढे येतात. सर्वांत छोट्या मुंग्यांत शृंगिकांचे सांधेही कमी भरू शकतात, म्हणून मोजणी मोठ्या मुंगीवर करणे बरे. नराच्या बाबतीत ही सगळी यादी बाजूला ठेवावी लागते. त्याच्या शृंगिकांना तेरा सांधे असतात, आणि जात ठरते ती पंखांवरील शिरांवरून, जबड्यांच्या आकारावरून आणि मुख्यतः जननेंद्रियांच्या रचनेवरून. एकाच जातीसाठी दोन स्वतंत्र कुंचिका लागतात, आणि एक कुंचिका दुसरीशी कोठेही जुळत नाही.

खरी अडचण इथे आहे, आणि ती अजून संपलेली नाही. डोरिलसच्या आज मान्य असलेल्या जाती साठच्या आसपास आहेत. त्यांतील कित्येक जातींचा केवळ नर माहीत आहे. कित्येकींच्या केवळ कामकरी मुंग्या माहीत आहेत. म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवल्या तर त्यांतली काही नावे एकाच मुंगीची असण्याचा संभव उघड आहे. बेल्जियमचे रेन्ये आणि फान बोव्हेन यांनी तेव्हाच्या बेल्जियन काँगोत अनोम्मा गटाच्या वसाहती प्रत्यक्ष खणून अभ्यास केला आणि १९५५ साली तो प्रसिद्ध केला. एका वसाहतीत दोन कोटींच्या घरात मुंग्या आणि एका राणीची महिन्याला तीस-चाळीस लाख अंडी, हे ग्रंथांतून वारंवार येणारे आकडे त्यांच्याच कामातले. मोठे काम, आणि मुंग्यांच्या तावडीत बसून करायचे. असे खणणारे फार थोडे निघाले.

अलीकडच्या काळात रांगेत न भेटलेले नातेवाईक प्रयोगशाळेत भेटू लागले आहेत. नराच्या एका पायातून मिळालेला डीएनए आणि कामकरी मुंगीचा डीएनए ताडून पाहता येतो. डॅनियल क्रोनौअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली डोरिलसची वंशावळ अशा पद्धतीने मांडली. तीवरून असे दिसते की या प्रजातीचे पूर्वज जमिनीखालीच शिकार करीत, आणि जमिनीवर फौज काढण्याची रीत नंतरची आहे. जगाने जी सवय या मुंगीची मुख्य ओळख म्हणून धरली, ती घराण्यात उशिरा आलेली आहे. पण डीएनए आला म्हणून सगळे सोपे झाले, असे समजू नये. याच गटातील संशोधकांनी २०११ मध्ये पूर्व आफ्रिकेतील लष्करी मुंग्यांच्या जातींमध्ये संकर होत असल्याचे दाखविले. म्हणजे रांगेत ओढून नेला जाणारा नर त्या रांगेच्याच जातीचा असेल, हे सॅव्हेज यांच्यापासून चालत आलेले अनुमान बहुधा खरे, पण दर वेळी खरे नाही. रांगही पाहावी लागते, देहही पाहावा लागतो आणि डीएनएही. २०१६ साली मारेक बोरोविएत्झ यांनी या संपूर्ण उपकुलातील प्रजातींची नवी मांडणी प्रसिद्ध केली. तीत प्रजातींच्या सीमा स्पष्ट झाल्या, जातींचे काम पुढच्यांसाठी उरले.

या आफ्रिकी घराण्याच्या काही शाखा भारतातही आहेत, आणि इथेही तीच कथा घडली. डोरिलस ओरिएन्टॅलिस हे नाव वेस्टवूड यांनी १८३५ साली दिले, ते नरावरून. डोरिलस लॅबिएटस हे शकर्ड यांनी १८४० साली दिले, तेही नरावरूनच. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी पुण्याच्या परिसरातून आणि इतरत्र मुंग्या जमवून स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठविल्या आणि १८९२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय मुंग्यांवर लेखही लिहिला. १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरचा खंड निघाला. रॉटन यांच्यासारखे रानात फिरणारे आणि बिंगहॅम यांच्यासारखे लिहून काढणारे एकाच काळात होते, हे या देशातील मुंग्यांचे भाग्यच म्हणावे.

डोरिलस ओरिएन्टॅलिसचा प्रश्न केवळ संग्रहालयाचा नाही. या प्रजातीतील बहुतेक मुंग्या शिकारी. वाळवी, गांडुळे आणि इतर मुंग्या हे त्यांचे अन्न. ओरिएन्टॅलिस मात्र वनस्पतीही खाते. आसामातील आणि ईशान्येकडील बटाट्याच्या शेतात ती जमिनीखालून येऊन कंदात भोके पाडते, भुईमुगाच्या शेंगाही पोखरते. शेतकऱ्याला वर पान हिरवे दिसते आणि काढणीच्या वेळी पोकळ बटाटा हाती येतो. जमिनीखाली राहणारी प्रत्येक तांबूस आंधळी मुंगी पीक खाणारी नसते. वाळवी मारून पिकाला हातभार लावणारीही तिच्यासारखीच दिसते. शृंगिकांचे सांधे मोजणे हा अशा वेळी निव्वळ पंडितांचा विरंगुळा राहत नाही. ओरिएन्टॅलिसच्या कामकरी मुंगीत ते नऊ भरतात, आणि त्या नऊ सांध्यांवर शेतात औषध घालायचे की नाही हे ठरू शकते.

त्याच मुंगीचा नर शेताजवळच्या घरातील दिव्यावर येऊन आपटतो, आणि घरातली माणसे त्याला गांधीलमाशी समजून झाडूने बाहेर लोटतात. तो नर आणि बटाट्यातली मुंगी एका घरची आहेत हे लिहून ठेवायचे तर चार ओळींची चिठ्ठी पुरते: गाव, तारीख, वेळ, आणि कीटक दिव्यावर मिळाला की जमिनीत, एकटा मिळाला की रांगेत. लिनियस यांच्यासमोरच्या नमुन्याबरोबर या चार ओळी आल्या नव्हत्या. राजवाड्यातल्या संग्रहाला त्या मागवता आल्या नाहीत. ज्याच्या शेतात किंवा ज्याच्या शाळेच्या आवारात ही मुंगी राहते, त्याला त्या बसल्या जागी लिहिता येतात.